शिक्षांच्या वहीशेजारी आणखी एक वही

(साने गुरुजींच्या स्मृतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरुजींच्या तुरुंगवासाचा विषय निघाला की आपल्याला नाशिकचा तुरुंग आठवतो आणि १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून झालेली 'श्यामची आई' आठवते. मला आज त्याआधीच्या एका तुरुंगापासून सुरुवात करायची आहे. १९३० च्या सत्याग्रहात शिक्षा झाल्यावर गुरुजी आधी धुळ्याला होते, तिथून त्यांना त्रिचनापल्लीला हलवले. तिथल्या बराकींत दक्षिणेतले सत्याग्रही होते. गुरुजी त्यांच्याकडून त्यांच्या भाषा शिकू लागले. अंमळनेरच्या शाळेतल्या या मास्तरांना आपलाच देश आपल्याला किती थोडा ठाऊक आहे, हे तिथे उमगले. पुढे त्यांनी तिरुवळ्ळुवरांचे 'कुरल' मराठीत आणले आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावे या आंतरभारतीची कल्पना मांडली. तिचे बीज त्रिचनापल्लीच्या तुरुंगातले. आपल्यात काय कमी आहे ते त्यांना आत कळले, ते त्यांनी आतच भरून काढायला घेतले आणि बाहेर आल्यावर त्यावर पुढचे काम उभे केले.

हे आपल्याला कळते ते कुणीतरी लिहून ठेवले म्हणून. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. ते उतरवले नसते तर 'गीता प्रवचने' त्या भिंतींच्या आतच विरून गेली असती.

पण ही सगळी थोरांची उदाहरणे. त्यांना लिहिता येत होते आणि आपण का आत आहोत हे ठाऊक होते. सुटल्यावर दारात हार घेऊन माणसे उभी असणार, याचीही खात्री होती. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्यासाठी दारात कुणी उभे नसते. काहींच्या बाबतीत तर कुणी उभे नसावे, अशी त्यांच्या गावाची इच्छा असते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका मध्यवर्ती कारागृहात मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला जाते. माझे विद्यार्थी बहुतेक जन्मठेपेचे. त्यांच्या बदलाची नोंद कोण ठेवते, कुठे ठेवते आणि ती सुटकेनंतर त्यांच्या काय कामी येते, हा आजचा माझा विषय.

आधी सरकार काय लिहून ठेवते ते पाहू. आपले तुरुंग ज्या मूळ कायद्यावर चालत आले, तो कारागृह अधिनियम १८९४ चा. त्याच्या बाराव्या कलमात अधीक्षकाने कोणती दप्तरे ठेवायची ते सांगितले आहे. आत आलेल्या कैद्यांची नोंद, कोण कधी सुटायचा त्याची वही, तुरुंगातल्या गुन्ह्यांबद्दल दिलेल्या शिक्षांची वही, भेट देणाऱ्या पाहुण्यांच्या शेऱ्यांची वही, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व चीजवस्तूंची नोंद. शिवाय नियमांनी सांगितलेली इतर दप्तरे. माणूस कधी आला, कधी जाणार, त्याने काय चुकीचे केले, त्याच्या खिशात किती पैसे होते, हे सारे त्यात आले. तो काय शिकला, यासाठी वही ठेवण्याची सक्ती मूळ कायद्यात नाही.

नियमांनी नंतर बरीच भर घातली हे मान्य आहे. प्रत्येक शिक्षाबंद्याचे हिस्ट्री तिकीट असते. त्यावर काम, वजन, आजार, माफीचे दिवस, रजा आणि शिक्षा यांच्या नोंदी होतात. कामाचा वर्ग लिहिला जातो : अकुशल, अर्धकुशल, कुशल. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विशेष माफीही मिळू शकते. पण ही सारी नोंद प्रशासनाच्या सोयीची आहे. वर्षानुवर्षे या दप्तरांत जातीचा रकाना होता आणि अनेक राज्यांच्या नियमपुस्तकांत जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटला जात होता. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे भेद घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. या निकालाची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही, याचे मला वाईट वाटते. जो रकाना शंभर वर्षे भरला गेला, त्याने कोणाच्या हातात झाडू द्यायचा हे ठरवले. कागदावर काय विचारले जाते, यावर माणसाशी कसे वागले जाते ते ठरते.

सुटकेचा विचार होतो तेव्हाही तेच होते. जन्मठेपेच्या गंभीर गुन्ह्यांत निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय मुदतपूर्व सुटका नाही, असे कलम १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. त्यानंतर पुनर्विलोकन मंडळापुढे प्रस्ताव जातो. पोलिसांचा अहवाल येतो, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत येते, तुरुंगाचा शेरा येतो. तुरुंगाचा शेरा पुष्कळदा दोन शब्दांचा असतो : वर्तणूक समाधानकारक. वीस वर्षांचे आयुष्य त्या दोन शब्दांत बसवायचे!

बिहारमधल्या एका कैद्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशापुढे खटल्याचे कागद असतात, त्यानंतरची वर्षे नसतात. म्हणून केवळ त्या मतावर अर्ज फेटाळू नका, कैद्याने आत घेतलेले शिक्षण, केलेले काम, त्याचे वर्तन, वय, प्रकृती आणि कुटुंबाशी नाते पाहा, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्याच महिन्यात केरळमधल्या एका प्रकरणात न्यायालयाने पंचवीस वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या माणसाची सुटका केली आणि केवळ गुन्ह्याच्या प्रकारावरून कायमचा शिक्का मारण्याच्या पद्धतीला हरकत घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर न्यायालयाने असेही म्हटले, की राज्याचे धोरण असेल तर पात्र कैद्याने अर्ज केला नसला तरी त्याचा विचार सरकारने आपणहून केला पाहिजे. न्यायालयाने दार किलकिले केले आहे. पण मंडळासमोर फाईल उघडली जाईल तेव्हा तिच्यात काय असेल? न्यायालय ज्या गोष्टी पाहा म्हणते, त्या तिथे लिहिलेल्याच नसतील, तर मंडळ पाहणार काय?

म्हणून मी माझ्या वर्गात वही लिहायला सांगू लागले.

पहिले काही महिने त्या वह्या वाचवत नव्हत्या. 'आज वेळ चांगला गेला. मन शांत आहे. बाईंनी चांगले शिकवले.' पानेच्या पाने अशी. हे मला आवडावे म्हणून लिहिलेले होते, त्यातून लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नव्हता. सुतारखान्यात काम करणारा एक विद्यार्थी होता, मराठवाड्यातल्या ऊसतोड करणाऱ्या घरातला. त्याला मी विचारले, आज दिवसभर काय केलेस? म्हणाला, दार केले, पण ते चौकटीत नीट बसत नाही. मी म्हटले, मग तेवढेच लिही, आणि का बसत नाही तेही लिही. दुसऱ्या आठवड्यात वहीत चौकटीचे माप होते, ते कुठे चुकले ते होते, आणि ज्या जुन्या कैद्याने चूक दाखवली त्याचे नाव होते. पुढे एका पानावर खिडकीचा हिशेब आला : लाकूड किती, बिजागऱ्या किती, कडी-कोयंडा, मजुरी. वर तारीख, खाली सुतारखान्याच्या निदेशकाची सही. सुटल्यावर त्याने हीच पाने तालुक्याच्या गावातल्या एका फर्निचरवाल्यापुढे ठेवली. मालकाने आधी गुन्हा विचारला. त्याने सांगितला. मग मालकाने पाने उलटली आणि म्हणाला, महिनाभर ठेवून पाहतो. प्रमाणपत्र त्याच्याकडेही होते, पण मालकाने ते बाजूला ठेवले आणि खिडकीचा हिशेब दोनदा वाचला.

यातून मी एक शिकले. बदलाची नोंद म्हणजे चांगल्या भावनांची यादी नव्हे. तारीख हवी, घटना हवी, शक्य तिथे दुसऱ्या कुणाची सही हवी. आणि चूक तर हवीच. एकाने लिहिले होते, 'नळावर बादली पुढे सरकवण्यावरून मी शिवी दिली. तो गप्प राहिला. संध्याकाळी बंदी व्हायच्या आत जाऊन त्याच्याशी बोललो.' आपला राग ज्या माणसाला मारहाणीपर्यंत, पुढे खुनापर्यंत घेऊन गेला, त्याने सकाळची शिवी संध्याकाळपर्यंत मनात वागवली आणि मग पाय उचलले, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. 'मला आता राग येत नाही' असे त्याने लिहिले असते, तर मी विश्वास ठेवला नसता.

रजेची पाने फार महत्त्वाची. संचित रजेवर (फर्लो) आणि अभिवचन रजेवर (पॅरोल) घरी जाणे ही सुटकेची रंगीत तालीमच असते. सरकारी नोंदीत एवढेच येते, की कैदी वेळेवर परतला किंवा उशिरा परतला. वहीत यायला हवे ते असे : घरी कोण बोलले, कोणी दार लावून घेतले, मुलगा समोर जेवायला बसला का, जुना मित्र संध्याकाळी बोलवायला आला तेव्हा काय सांगितले, पोलीस ठाण्यात हजेरीला जाताना कोण भेटले. दोन-तीन रजांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या, की सुटल्यावर गावात राहायचे की शहरात, हा प्रश्न माणूस स्वतः सोडवू शकतो.

बायकांच्या बराकीत मला वहीचा निराळा उपयोग दिसला. बाईला शिक्षा झाली की माहेर आणि सासर दोन्ही पुष्कळदा पाठ फिरवतात, मुलाखतीला कुणी येत नाही. तिथल्या एकीला लिहिता येत नव्हते. तिची मुलगी वसतिगृहात शिकत होती. ती सांगायची आणि दुसरी कैदी लिहायची. मुलगी कितवीत गेली, वर्गशिक्षिकेचे नाव काय, चपलेचे माप किती झाले, गणितात कुठे अडते, तिला पाळी कधी सुरू झाली. फोनवर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ती हे विचारून घ्यायची. आपल्या राज्यातल्या तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम चालतो, कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता येते. त्या दिवशी मुलगी आली, तेव्हा आईला तिच्या मैत्रिणींची नावे ठाऊक होती. मी शिक्षणात आयुष्य घालवले आहे, पण अभ्यासाची इतकी चांगली वही मी क्वचित पाहिली. ती बाई सुटेल तेव्हा आपल्या मुलीला परकी नसेल.

आता ज्याविषयी बोलताना मी नेहमी सावध होते, ते सांगते. ज्याचा जीव गेला, ज्याचे घर मोडले, त्या माणसासाठी वहीत जागा नसेल, तर त्या वहीला मी वाढीची नोंद म्हणणार नाही. ज्ञान वाढले, हातात कसब आले, इंग्रजी सुधारले, हे सारे चांगलेच आहे. पण मेलेल्या माणसाचे नाव कधीच न लिहिणारी वही अर्धी असते. हे मी कुणाकडून सक्तीने लिहून घेत नाही. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षी ते नाव पहिल्यांदा लिहिले, आणि त्यापुढे एवढेच की त्याची म्हातारी आई अजून आहे. त्या दिवशी वर्ग मी लवकर संपवला.

काही आक्षेप खरे आहेत. वहीचे नाटक होऊ शकते. माफीसाठी वही, मंडळासाठी वही. तुरुंगातल्या गांधीविचार परीक्षेलाही कोणी केवळ शेरा चांगला यावा म्हणून बसत असेल. माझे मत असे, की खोटेपणा एका पानात लपतो, पाच वर्षांच्या वह्यांत लपवणे अवघड जाते. रोज खोटे लिहायचे तर कालचे खोटे लक्षात ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशाच्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होती, म्हणजे चारांतले तीन. त्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला घटना कुणाला भाग पाडू देत नाही, पण आपल्या हाताने आपणहून लिहिलेले पान झडतीत सापडले, तर ते न्यायालयात जाऊ शकते. म्हणून खटला चालू असलेल्यांना मी स्पष्ट सांगते : गुन्ह्याविषयी एक अक्षर लिहू नका. शिकलेले लिहा, वाचलेले लिहा, घरचे लिहा. बाकीचे वकिलाशी बोला.

तिसरे असे, की तुरुंगातला कागद कधीच पूर्णपणे कैद्याचा नसतो. मंडालेत टिळकांना शाई नव्हती, सुटे कागद नव्हते, शिसपेन्सिल आणि पृष्ठांक घातलेल्या बांधीव वह्या मिळत. 'गीतारहस्य' त्यांत लिहिले गेले. १९१४ मध्ये ते सुटले तेव्हा वह्या सरकारच्याच ताब्यात होत्या, त्या परत मिळेपर्यंत जवळच्यांच्या जिवाला घोर होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या वह्यांचे हे, तर अंगठा उठवणाऱ्याच्या वहीची काय कथा? बराक बदलली, झडती झाली, दुसऱ्या तुरुंगात रवानगी झाली, की वह्या हरवतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या वर्षावर्षांच्या नोंदी अशा गेल्या आहेत.

आणि शेवटी, सगळी वाढ कागदावर मावत नाही, हेही खरे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याने कैद्यांना भिंतीशिवाय, शेतीवर, बायकामुलांसह राहू दिले. त्या माळरानावरचा तो प्रयोग गदिमांच्या कथेतून आणि व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधून जगभर पोचला, पण चित्रपटातला जेलर लोकांच्या लक्षात राहिला आणि आटपाडीची वसाहत विस्मरणात गेली. ती आजही आहे. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या शिबिरात तर १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी कामाला बाहेर पडतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. तिथे माणसाच्या बदलाचे साक्षीदार शेजारी असतात, दुकानदार असतात, मुलांच्या शाळा असतात. खुली कारागृहे वाढली तर माझ्या वहीची गरज बरीच कमी होईल, आणि तशी ती व्हावी असेच मला वाटते. पण आज आपल्या बहुसंख्य कैद्यांच्या बदलाला साक्षीदार फक्त भिंत आहे.

बाहेर मात्र पहिल्या आठवड्यापासून कागदच लागतो. आधारवरचा पत्ता जुना, शिधापत्रिकेवरून नाव गेलेले, बँकेचे खाते बंद, भाड्याने खोली घ्यायची तर ओळख हवी, कामाला लागायचे तर चारित्र्य पडताळणी हवी. यांतले बरेच काम आत असतानाच सुरू करता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर हेच काम करत आला आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली : पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही. कर्जाची मर्यादा ठरवताना कैद्याची तुरुंगातली कमाई आणि उरलेली शिक्षा असे हिशेब धरले जातात. बँकेसारख्या काटेकोर संस्थेला जर आतली कमाई विश्वासाचा आधार वाटते, तर इतर मालकांना का वाटू नये?

केंद्राने २०२३ मध्ये कारागृहांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला आहे, आणि १८९४ च्या कायद्याची जागा नवे कायदे घेतील. त्याखाली नियम होतील. माझी मागणी त्या नियमांपुरती आहे. शिक्षांच्या वहीशेजारी प्रत्येक बंद्याच्या शिकण्याची एक वही असावी. ती त्याने लिहावी किंवा सांगून लिहवून घ्यावी, भाषा त्याची असावी. कामाच्या निदेशकाने, शिक्षकाने, समाजसेवकाने महिन्यातून एकदा तिच्यात तारखेसह नोंद करावी. त्यातली खासगी पाने वेगळी असावीत आणि ती कुणी वाचू नयेत. बदलीच्या वेळी ती माणसाबरोबर जावी. पुनर्विलोकन मंडळापुढे तिचा गोषवारा जावा, पण बंद्याने संमती दिली तरच. न्यायाधीन बंद्यांना तिची सक्ती नसावी. आणि सुटकेच्या दिवशी मूळ प्रत त्याच्या हातात पडावी.

यातले बरेच नियम होईपर्यंत थांबायची गरज नाही. अनेक अधीक्षक समजूतदार असतात. वह्या-पेनांचे गठ्ठे परवानगी घेऊन देता येतात, आणि महिन्यातून दोन दुपारी जाऊन लिहून घेणारी माणसे मिळाली, तर अक्षरओळख नसलेल्यांच्याही वह्या सुरू होतील. या सभागृहात निवृत्त शिक्षक बरेच दिसताहेत. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले नाव आणि कोणत्या दुपारी मोकळे असाल ते मला सांगा.